साताऱ्यातला माळी प्रशिक्षणाचा सहामाही वर्ग: फी विचारण्याआधी महिना विचारा

नोकरी-धंदा सांभाळून बागकामाचं पहिलं प्रमाणपत्र घ्यायचं, तर शनिवार-रविवारचा सहा महिन्यांचा वर्ग हाच बहुतेकांना झेपणारा मार्ग आहे. हे परीक्षण सातारा शहरातल्या अशाच एका वर्गाचं. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही. खाली जे लिहिलंय त्यातून प्रश्न तयार करा आणि तुमच्या जवळच्या केंद्रावर जाऊन विचारा, त्याचा उपयोग जास्त होईल.

प्रवेशाला दहावी पास, वयाची अट नाही. त्यामुळे एका बाकावर बँकेतून निवृत्त झालेले साहेब, एमआयडीसीत पाळीवर जाणारा फिटर, बंगल्यांच्या बागा सांभाळणारे काका आणि कोरेगावकडचा दोन एकरवाला शेतकरी असे सगळे बसतात. शिकवणारे सर कृषी पदवीधर आहेत आणि विषय त्यांना येतो. कलमं बांधून दाखवायला येणारे रोपवाटिकेतले काका तर फारच उत्तम. पुस्तक कामापुरतं आहे. घोळ आहे तो प्रात्यक्षिकांच्या आखणीत. आमच्या मते या वर्गाचा सगळा फायदा-तोटा बॅच कोणत्या महिन्यात सुरू होते यावर ठरतो.

झाडं अभ्यासक्रमाच्या प्रकरणांप्रमाणे चालत नाहीत. जूनमध्ये सुरू होणाऱ्या बॅचला कोय कलमासाठी आंब्याच्या कोया उगवलेल्या मिळतात, पावसाळी हवेत गुटी कलमं (झाडावरच्या फांदीलाच मुळं फुटवून केलेली) धरतात, ऑगस्ट-सप्टेंबरात तासगाव भागात डॉगरिज जातीच्या खुंटावर (खालच्या मुळांच्या रोपावर) द्राक्षाचं पाचर कलम बांधताना बघता येतं, ऑक्टोबरची फळछाटणी सापडते आणि संपता संपता डिसेंबरात गुलाबाचे डोळे भरायला (खुंटाच्या सालीखाली दुसऱ्या गुलाबाचा डोळा बसवायला) मिळतात. जानेवारीच्या बॅचला गुलाब मिळतो, द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी मिळते, बाकी अभिवृद्धीचं (नवी रोपं तयार करण्याचं) सगळं प्रकरण फळ्यावर होतं. एप्रिलच्या उन्हात बांधलेली गुटी वाळून जाते आणि 'आपल्या हाताला यश नाही' असा गैरसमज घेऊन लोक घरी जातात. फी दोन्ही बॅचची सारखीच.

या वर्गात जे उत्तम शिकवलं जातं ते गुटी कलम. डाळिंब, पेरू, लिंबू यांच्यासाठी ही पद्धत आपल्याकडे सर्रास चालते आणि नवख्या माणसाला आत्मविश्वास देणारी दुसरी पद्धत नाही. साधारण एक वर्षाची, पेन्सिलीच्या जाडीची, उजेडातली निरोगी फांदी घ्यायची. टोकापासून हात-दीड हात मागे अडीच ते तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढायची. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. पुढची पायरी चुकते. साल काढल्यावर खालच्या लाकडावर एक बुळबुळीत थर राहतो, तो चाकूच्या पाठीने खरवडून लाकूड कोरडं, पांढरं करावं लागतं. तो थर राहिला तर झाड काही दिवसांत वरची आणि खालची साल पुन्हा जोडून घेतं. बाहेरून गुटी ठणठणीत दिसते, पानं हिरवी असतात, दोन महिन्यांनी सोडून बघावं तर आत एक मूळ नाही.

मुळं फुटतात ती कापाच्या वरच्या कडेला, कारण पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली येतं आणि तिथे अडतं. म्हणून मुळं फुटवणाऱ्या संजीवकाची पूड वरच्या कडेला लावायची, खालच्या कडेला लावलेली वाया जाते. मॉस (वाळवलेलं शेवाळ) रात्रभर भिजवून घट्ट पिळायचा. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब पडावा इतकीच ओल हवी. त्याचा मोठ्या लिंबाएवढा गोळा कापावर चारी बाजूंनी बसवून वर पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि दोन्ही टोकं आवळायची. वरची गाठ सैल राहिली तर पावसाचं पाणी फांदीवरून ओघळत आत शिरतं आणि मॉस कुजतो. रोपवाटिकेतले काका ही गाठ बांधल्यावर गुटी हाताने फिरवून बघायला लावतात. फिरली तर सोडून परत बांधायची. ही सवय लाखमोलाची आहे.

पेरूला दीड महिन्यात मुळं दिसतात, लिंबाला त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. पांढरी कोवळी मुळं दिसली की कापायची घाई होते, ती करू नये. मुळं किंचित तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटू द्यावेत. मग गुटीच्या खाली अर्ध्या जाडीपर्यंत खाच द्यावी आणि आठ-दहा दिवसांनी फांदी पूर्ण तोडावी. एकदम तोडलेली गुटी पिशवीत लावल्यावर पानं टाकते, कारण तेवढ्या पानांना पाणी पुरवण्याइतकी मुळं अजून झालेली नसतात. तोडताना निम्मी पानं कमी केलेली बरी.

याच धड्यात एक गोष्ट राहून जाते आणि ती गंभीर आहे. सरावासाठी डाळिंबाच्या फांद्या कुठल्याही बागेतून आणल्या जातात. आटपाडी असो की माण-खटाव, डाळिंबवाल्याला विचारा, तेल्या हा जिवाणूंचा रोग पसरायला रोगट मातृवृक्षाची (ज्या झाडाची फांदी घेतली त्याची) गुटी पुरते. एका बागेत वापरलेली कात्री तशीच दुसऱ्या झाडाला लावली तरी जिवाणू जातात. मातृवृक्ष कसा निवडायचा आणि झाडागणिक हत्यार निर्जंतुक कसं करायचं, हे गुटीच्या आधी शिकवायला हवं. इथे ते रोगांच्या प्रकरणात, चार महिन्यांनी येतं.

आंब्याचं कोय कलम जून बॅचला मिळतं, पण एकाच दिवसात उरकलं जातं. खुंट, म्हणजे कोयीतून उगवलेलं रोप, आठ ते पंधरा दिवसांचा, पानं अजून तांबूस असलेला हवा. पानं हिरवी झाली की उशीर झाला. त्यावर बसवायची कलमकाडी तीन-चार महिने वयाची, खुंटाच्याच जाडीची, टोकाचा डोळा फुगलेला पण न फुटलेला. त्यासाठी काडीवरची पानं देठ ठेवून आठ-दहा दिवस आधी कापावी लागतात. ही पूर्वतयारी वर्गात झालेली नसते, आयत्या काड्या येतात. त्यामुळे लोकांना पाचर मारता येते, पण घरच्या झाडावरची काडी कधी तयार होते ते कळत नाही. पाचर चार ते पाच सेंटिमीटर लांब, दोन्ही बाजूंनी एकाच ओढीत तासलेली असावी. चाकू तीन-चारदा फिरवला की पृष्ठभाग वरखाली होतो, मध्ये हवा राहते आणि कलम काळं पडतं. सरावासाठी तुतीच्या काड्या घ्या. स्वस्त, सरळ आणि कुठेही मिळतात. रोज संध्याकाळी दहा पाचरी तासल्या तर पंधरवड्यात हात बसतो.

चाळिशी ओलांडलेल्यांना एक विनंती: गुलाबाचा डोळा भरायला बसताना जवळचा चष्मा घेऊन या. डोळ्याची ढाल (डोळ्यासकट काढलेला सालीचा तुकडा) जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरची असते. तिच्या आतला लाकडाचा पापुद्रा काढताना डोळ्याच्या मुळाशी असलेला बारीक कोंब लाकडाबरोबर उपटून येतो आणि आतल्या बाजूला भोक दिसतं. असा डोळा भरला तर ढाल हिरवी राहते, पण फुटत कधीच नाही. न दिसल्यामुळे होणारी ही चूक आहे. खुंटाला दोन-तीन दिवस आधी भरपूर पाणी दिलेलं असेल तरच साल सुटते. साल सुटत नसेल तर त्या दिवशी डोळा भरूच नये.

हत्यारांची तर बोंबच आहे. पंचवीस जणांत चार सिकेटर (छाटणीच्या कात्र्या) आणि दोन कलमचाकू, त्यातला एक बोथट. स्वतःचं सिकेटर घ्या आणि घेताना दोन पाती एकमेकांना घासून जाणारं घ्या. एक पातं सपाट पट्टीवर दाबलं जाणारा प्रकार ओली फांदी चेंगरतो, चेंगरलेल्या टोकातून मर सुरू होते. द्राक्षपट्ट्यातल्या दुकानांत छाटणीच्या कात्र्या चांगल्या मिळतात, सुटी पाती आणि स्प्रिंगही मिळते. तासगाव-पलूसकडे जाणं झालं तर तिथूनच आणावं. कलमचाकूची धार एकाच बाजूने लावतात. दोन्ही बाजूंनी घासून आणणाऱ्या धारवाल्याकडे तो देऊ नका.

माती आणि कुंडीचं मिश्रण यावर पुस्तकात दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू असं प्रमाण दिलंय. प्रमाण बरोबर आहे, पण कोणती माती ते सांगितलेलं नाही. सातारा-कराडपासून खाली सांगलीपर्यंत कृष्णाकाठची काळी माती कुंडीत भरली की वाळताना आकसते, कुंडीच्या कडेला फट पडते आणि ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट तळाच्या भोकात जातं. वरून वाटतं पाणी भरपूर झालं, आत मुळांचा गड्डा कोरडा. अशी कुंडी बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी, आणि पुढच्या वेळी जावळी-महाबळेश्वरकडची तांबडी माती वापरावी. शेणखत ताजं असेल तर उष्णतेने मुळं भाजतात आणि हुमणीच्या अळ्या फुकट येतात. हातात घेतल्यावर भुसभुशीत, वास नसलेलं, चाळून घेतलेलं हवं. कोकोपीट वापरणाऱ्यांनी वीट भिजवल्यावर दोनदा धुऊन पाणी टाकून द्यावं, त्यात क्षार असतात. कुंडी काठोकाठ भरू नये, वर इंचभर जागा पाण्याला ठेवावी.

मातीचा नमुना घेणं मात्र इथे नीट शिकवलं. शेतात दहा-बारा ठिकाणी इंग्रजी 'व्ही'सारखा खड्डा, वीत-सव्वा वीत खोल, त्याच्या कडेची दोन बोटं जाडीची माती, सगळी एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलोवर आणायचं. फळबागेसाठी एक, दोन, तीन फुटांचे वेगळे नमुने. खतं टाकल्यानंतर लगेच आणि बांधाजवळून नमुना घ्यायचा नाही. चुनखडी ओळखायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की माती फसफसते, हे प्रत्येकाने स्वतः करून बघितलं. आपल्याकडे पेरू, लिंबू, गुलाबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात, ते बहुतेकदा जमिनीतल्या चुन्यामुळे लोह लागू न झाल्याने. तिथे युरिया मारून काही होत नाही.

बोर्डो मिश्रणाचा (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचा) तास हा या वर्गातला दुसरा भक्कम दिवस. एक टक्क्यासाठी प्रमाण सोपं: दहा लिटरला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना. एका प्लॅस्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्यात मोरचूद विरघळवायचं, दुसरीत चुना आधी थोड्या पाण्यात विझवून, गाळून, पाच लिटर करायचा. दोन्ही थंड झाल्यावर तिसऱ्या बादलीत एकाच वेळी बारीक धारेने ओतत ढवळायचं. लोखंडी भांडं चालत नाही. आकाशी निळा रंग आला म्हणजे झालं असं नाही, घासून चकचकीत केलेला खिळा मिनिटभर बुडवायचा. त्यावर तांबूस थर आला तर मिश्रण आम्लधर्मी आहे, तसंच फवारलं तर पानं करपतात. निवळी चुन्याची थोडी थोडी घालून पुन्हा खिळा बुडवायचा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशी कण खाली बसतात आणि पानाला चिकटत नाहीत. छाटणीच्या जखमांना लावायच्या मलमासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. चुना विझवताना उसळतो, डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच. वर्गात मोजे दिले गेले नाहीत, स्वतःचे न्या.

खतांचं गणित हा प्रौढ विद्यार्थ्यांचा खरा धसका. पण ते एका पद्धतीने सुटतं. समजा झाडाला २५० ग्रॅम नत्र, १२५ ग्रॅम स्फुरद, १२५ ग्रॅम पालाश द्यायचंय. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणून २५० भागिले ०.४६, म्हणजे सुमारे ५४३ ग्रॅम. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के, म्हणून ७८१ ग्रॅम. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के, म्हणून २०८ ग्रॅम. पेपरमध्ये अडकवतात ते १०:२६:२६ हे मिश्र खत (आकडे नत्र, स्फुरद, पालाशाच्या टक्क्यांचे) देऊन. तिथे सुरुवात स्फुरदापासून करा: १२५ भागिले ०.२६ म्हणजे ४८१ ग्रॅम. तेवढ्यात पालाशही १२५ होऊन जातं आणि नत्र ४८ ग्रॅम मिळतं. उरलेल्या २०२ ग्रॅम नत्रासाठी ४३९ ग्रॅम युरिया. नत्रापासून सुरुवात केली तर स्फुरद-पालाश पाचपट होऊन बसतं, आणि बऱ्याच जणांचे गुण तिथेच जातात. हेक्टरी झाडांची संख्या याच प्रश्नाला जोडून येते: १०,००० चौरस मीटर भागिले दोन अंतरांचा गुणाकार. डाळिंब ४.५ बाय ३ मीटर असेल तर ७४०.

झाडं ओळखण्याच्या परीक्षेला लोक शास्त्रीय नावं घोकून जातात आणि फूल नसलेली फांदी समोर आली की गडबडतात. दुहेरी तगर आणि अनंत यांचीच जोडी घ्या. दोन्हींची पानं गडद, चकचकीत, समोरासमोर, फुलं पांढरी. पान तोडून बघा: तगरीतून पांढरा चीक येतो, अनंतातून येत नाही. शिवाय अनंताच्या देठाजवळ दोन पानांच्या मध्ये छोटं उपपर्ण (पानासारखा खवला) असतं. एवढ्यावरून कुळ ठरतं, तगर ॲपोसायनेसी आणि अनंत रुबिएसी, मग नाव आठवायला सोपं जातं. कुळागणिक पाच-सहा झाडं एकत्र लावून वही करा, वर्णानुक्रमाने करू नका. आणि चीक लागलेला हात डोळ्यांना लावू नका. तगरीच्याच कुळातल्या पिवळी कण्हेर, लाल कण्हेर दोन्ही विषारी आहेत.

लेखी पेपर कठीण नाही. वीस-पंचवीस वर्षांनी सलग लिहिताना हात भरून येतो, हीच अडचण. आकृत्यांना गुण आहेत. गुटी, पाचर कलम आणि डोळा भरणे या तीन आकृत्या नावांसकट पाच मिनिटांत काढता आल्या पाहिजेत.

पुस्तकाबद्दल एक तक्रार नोंदवावीशी वाटते. त्यातलं वेळापत्रक सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच आहे. आपल्या एका जिल्ह्यात महाबळेश्वरला पाऊस सहा हजार मिलिमीटरच्या आसपास आणि म्हसवडकडे पाचशेच्या घरात. पाटणच्या माणसाने जुलैत बांधलेल्या कोय कलमाला बुरशीपासून जपायचं, छपराखाली ठेवायचं; माणच्या माणसाने त्याच महिन्यात काडीवर प्लॅस्टिकची टोपी घालून ओल धरायची. सरांना विचारलं की ते नेमकं सांगतात, पण विचारावं लागतं. आपल्या तालुक्याचा महिनावार तक्ता पहिल्याच आठवड्यात करायला घ्या आणि त्यांच्याकडून तपासून घ्या.

प्रमाणपत्राने काय मिळतं याबद्दल प्रवेशाच्या वेळी जरा जास्तच बोललं जातं. सोसायट्या, शाळा, हॉटेलं, कारखान्यांच्या बागा यांच्या कामाला ते उपयोगी पडतं, आणि माळीकामाचा दर ठरवताना हातात कागद असणं चांगलंच. पण फळरोपं तयार करून विकायची असतील तर १९६९ च्या महाराष्ट्र फळ रोपवाटिका कायद्याखाली वेगळा परवाना काढावा लागतो. मातृवृक्ष कुठले, नोंदी कशा, हे तिथे बघतात. कृषी सेवा केंद्र उघडायला हे प्रमाणपत्र पुरत नाही. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेचा 'देसी' हा ४८ आठवड्यांचा पदविका अभ्यासक्रम निविष्ठा (बियाणं, खतं, औषधं) विक्रेत्यांसाठी आहे, तो रस्ता निराळा. मराठीतूनच पुढे शिकायचं असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची कृषी विद्याशाखा बघा.

गच्चीवर चार कुंड्या ठेवणाऱ्यांनी एवढा खर्च करू नये, रोपवाटिकेतल्या काकांबरोबर दोन रविवार बसलात तरी भागेल. शेतकऱ्यांना द्राक्ष-डाळिंबाच्या प्रकरणांत नवं फार काही मिळणार नाही, मात्र अभिवृद्धी आणि खतांचं गणित त्यांना पैसे वसूल करून देईल. खरा फायदा बागा सांभाळणाऱ्यांना आणि नोकरी सोडून रोपवाटिका काढू बघणाऱ्यांना आहे.

केंद्रावर गेलात तर इतकं विचारा: बॅच कोणत्या महिन्यात सुरू होते, कोय कलम, गुटी आणि डोळा भरणे प्रत्येकाला स्वतः किती करायला मिळतं, कलमकाडीची पानं वर्गातच आधी काढली जातात का, सरावाच्या फांद्या कुठल्या बागेतून येतात, बांधलेली कलमं महिन्याभराने परत बघायला मिळतात का. शेवटच्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं, तर आपली गुटी का फसली हे तुम्हाला तिथे कळणार नाही. मग घरच्या पेरूवर त्याच आठवड्यात दहा गुट्या बांधा, प्रत्येकीवर तारीख लिहा आणि फसलेली गुटी उघडून सरांना नेऊन दाखवा.